‘व्हिडिओत तर दिसून रायलं ना, मॅडम!’

आलेले पत्र (थोडक्यात): मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातील अनुदानित शाळेत नववी-दहावीला मराठी आणि इतिहास शिकवते. दिवाळीनंतर गावात मोटारसायकलवर ब्लँकेट विकायला आलेल्या दोघांना लोकांनी मुले पळवणारे समजून पारावर दीड तास अडवून ठेवले. पोलीस पाटील वेळेवर पोहोचले म्हणून निभावले. तो संदेश पुढे पाठवणाऱ्यांत माझ्या वर्गातील तीन विद्यार्थी होते आणि एकाने तर त्या दोघांची रील करून टाकली. दुसऱ्या दिवशी मी वर्गात पाऊण तास बोलले. शेवटी मागच्या बाकावरून एकच वाक्य आले, ‘व्हिडिओत तर दिसून रायलं ना, मॅडम!’ मुख्याध्यापक म्हणतात, अभ्यासक्रम पूर्ण करा. पालक म्हणतात, मोबाइलच बंद करा. शाळेत नेटवर्क धड नाही आणि निम्म्या मुलींकडे फोन नाही. अशा वर्गाला समाजमाध्यमांबद्दल विचार करायला कसे शिकवावे? आणि रील टाकणाऱ्या त्या मुलाचे काय करावे?
— एक शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

मॅडम, सप्रेम नमस्कार.

मागच्या बाकावरून आलेले ते वाक्य तुम्हाला बोचले असणार, पण तुमच्या पूर्ण पत्रात मला सर्वांत आशेची जागा तीच वाटली. तो मुलगा पुरावा मांडत होता. कोणीतरी सांगितले म्हणून मानले, असे तो म्हणाला नाही. डोळ्यांनी दिसले म्हणून मानले, असे म्हणाला. इतिहासाच्या तासाला आपणच मुलांना ऐकीव गोष्टीपेक्षा प्रत्यक्ष साधनाला अधिक किंमत द्यायला सांगतो आणि त्याने आपल्या परीने तेच केले. पडद्यावर दिसते ते कोणीतरी उचलून, हवे तेवढे कापून, वर चार ओळी लिहून आपल्यापुढे ठेवलेले असते, हा मधला टप्पा मात्र त्याला आजवर कोणी दाखवलेला नव्हता. पाऊण तासात तुम्ही त्याला निष्कर्ष सांगितलात. तो टप्पा दाखवायचा राहून गेला.

निष्कर्ष सांगून माणूस बदलत नाही, हे मी स्वतःवरून जाणतो. २०२० च्या मार्चअखेरीस, टाळेबंदी नुकतीच लागली होती तेव्हा, रात्री हेलिकॉप्टरमधून औषध फवारले जाणार आहे, कोणी घराबाहेर पडू नये, वाळत घातलेले आत घ्यावे, असा एक संदेश सगळीकडे फिरत होता. हयातभर वर्गात उभा राहिलेला मी, तो संदेश नातेवाइकांच्या ग्रुपवर स्वतःच्या हाताने टाकला. आमच्या गच्चीवर त्या दिवशी कुरडया घातलेल्या होत्या. आम्ही चौघांनी प्लास्टिकच्या कागदाचे चार कोपरे धरून त्या अंधारात जिन्यावरून खाली आणल्या आणि वळणावर एक कोपरा सुटला, तेव्हा ओल्या कुरडयांचा जो गोळा झाला, तो पुढे वर्षभर घरात माझ्या नावाने ओळखला गेला. खात्री केल्याशिवाय काही पुढे पाठवू नये, हे मला त्या रात्रीही ठाऊक होते, पण घरच्यांची काळजी वाटत असताना ठाऊक असलेले आठवत नाही. आठवते ते सवयीचे झालेले. म्हणून आपल्याला मुलांना सवय लावायची आहे आणि तिची सुरुवात तुम्ही स्वतःची अशी एखादी फजिती सांगून करावी, अशी माझी विनंती आहे. ती सांगितल्यावर त्या तिघांवरचे ओझे थोडे उतरेल आणि हा तास आपल्याला शिक्षा म्हणून घेतला जात आहे, असा समज राहणार नाही. (दोष एकट्या मोबाइलचाही समजू नये. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर पसरली, तेव्हा लोकांच्या हाती घरचा नाहीतर एसटीडी बूथवरचा फोन तेवढा होता.)

आता प्रत्यक्ष तास. व्हॉट्सॲपवर आलेला तो मूळ संदेश जसाच्या तसा, शुद्धलेखनाच्या चुका आणि सगळी उद्गारचिन्हे यांच्यासह, फळ्यावर लिहावा. त्यावर स्वतः काही बोलू नये. संत गाडगेबाबांच्या कीर्तनाची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. आपल्याच वऱ्हाडातला हा माणूस समोरच्या लोकांना प्रश्नामागून प्रश्न विचारत जाई आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेई. तुम्हीही एवढेच विचारावे, की या संदेशातील कोणती गोष्ट आपल्याला तपासून पाहता येईल? अशा संदेशांत बहुधा ‘आपल्या तालुक्यात’, ‘काल रात्री’, ‘शेजारच्या गावात’ असे शब्द असतात. मुले पहिल्यांदा म्हणतील, सगळेच तपासता येते. मग खडूने ‘आपल्या’ या शब्दाखाली रेघ ओढावी आणि हाच संदेश आर्णीच्या मुलाने वाचला तर त्याचा तालुका कोणता, वणीच्या मुलाने वाचला तर कोणता, असे विचारावे. ‘काल’ म्हणजे कोणता काल, हेही विचारावे, कारण फिरत्या संदेशातला काल रोज नवा असतो. गावाचे नाव नाही, तारीख नाही, मुलाचे नाव नाही, पोलीस ठाण्याचे नाव नाही. जो मजकूर प्रत्येक तालुक्यात तितकाच खरा वाटतो, तो कोणत्याच तालुक्यात जाऊन पडताळता येत नाही. हे मुलांना स्वतःहून दिसण्यासाठी पूर्ण तास गेला तरी जाऊ द्यावा.

दुसऱ्या दिवशी पोलीस पाटलांना दहा मिनिटे वर्गात बोलवा. त्यांच्याकडून भाषण नको. प्रश्न मुलांनी आधी वहीत लिहून ठेवलेले असावेत. गेल्या वर्षभरात परिसरात मूल हरवल्याची तक्रार आली का, कुठे आली, त्या मुलाचे पुढे काय झाले, त्या दोघा विक्रेत्यांकडे ओळखपत्र होते का. गावाकडच्या शाळेत नेटवर्क नसते हे खरे, पण ज्याला खरोखर माहीत असते तो माणूस चालत जाण्याच्या अंतरावर असतो, ही सोय शहरातल्या मुलांना नाही.

एवढे झाल्यावरच राईनपाड्याची हकिगत सांगावी. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील त्या गावात १ जुलै २०१८ रोजी, बाजाराच्या दिवशी, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने मारून टाकले. त्या सुमारास देशभर जे व्हिडिओ फिरत होते, त्यांतल्या एकात मोटारसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणाऱ्या एका पोराला उचलून पळून जाताना दिसत. तो प्रसंग कराचीतला होता आणि खराही नव्हता; पालकांनी सावध राहावे म्हणून तिथल्या एका संस्थेने केलेल्या जनजागृतीच्या छोट्या चित्रफितीतला तो तुकडा होता. मूळ फितीच्या शेवटी ते दोघे परत येतात, मुलाला सुखरूप उतरवतात आणि हातातला फलक दाखवतात. आपल्याकडे आला तो शेवट कापून. मागच्या बाकावरच्या मुलाला या ठिकाणी विचारावे, की व्हिडिओत दिसत होते हे तुझे म्हणणे बरोबरच आहे, पण व्हिडिओत जे दिसत नव्हते ते कुठे गेले?

कापणे म्हणजे काय, हे मुलांच्या हातून करवून घेतले तर त्यांना जन्मभर लक्षात राहील. मैदानावर कबड्डीचा डाव लावा आणि तुमच्या स्वतःच्या फोनवर दोन मिनिटांचे चित्रीकरण करा. नंतर मुलांनाच सांगा, की यातले असे पाच सेकंद निवडा, जे पाहून परक्या माणसाला वाटेल की इथे एका पोराला सहा जण मिळून मारत आहेत. चढाई करणाऱ्याला पकडीत दाबलेला तो क्षण पोरे बरोबर शोधतील. त्याला शीर्षकही तेच देतील आणि ते इतके हुबेहूब देतील की तुम्ही चकित व्हाल. रेषा, पंच, टाळ्या वाजवणाऱ्या मुली, उठून हसत अंग झटकणारा तोच चढाईपटू, सगळे काही त्या पाच सेकंदांच्या बाहेर राहिलेले असेल. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे: ती फीत मुलांच्या फोनवर जाऊ देऊ नये आणि तास संपायच्या आत सर्वांसमोर पुसून टाकावी. नाहीतर आठ दिवसांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांना खुलासा देण्याची वेळ आपल्यावरच यायची.

लाईकच्या आकड्यांचा प्रश्न तुम्ही पत्रात काढलेला नाही, पण तो वर्गात निघणारच. इतक्या लाखांनी पाहिले म्हणजे त्यात तथ्य असणार, असे मुलांना वाटते आणि मोठ्यांनाही वाटते. त्यावर फोनशिवाय करता येईल असा एक गृहपाठ सुचवतो. प्रत्येकाने घरातल्या एका मोठ्या माणसाला विचारून त्याच्या फोनवर सर्वांत आधी आलेल्या पाच रील कशाच्या होत्या, एवढे कागदावर लिहून आणावे. ज्या मुलीकडे फोन नाही तिनेही बाबांना, मामांना किंवा अंगणवाडीताईंना विचारावे. उलट तिचेच काम अधिक नीट होईल, कारण ती दुसऱ्याच्या फोनकडे परक्या नजरेने पाहील. कागद भिंतीवर लावले की दिसेल, बाबांच्या फोनवर ट्रॅक्टर आणि सोयाबीनचे भाव, दादाच्या फोनवर पोलीस भरतीची धाव, आईच्या फोनवर रांगोळ्या आणि अभंग. एकाच घरात, एकाच छपराखाली. आपण कशावर किती वेळ थांबलो याची नोंद ठेवून यंत्र तसलेच आणखी पुढे सरकवत राहते, कारण आपण जितके थांबू तितक्या जाहिराती दिसतात, हे एवढ्या कागदांवरून नववीच्या मुलाला सहज कळते. ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ या काळातील सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी अभ्यास केला, तेव्हा खोट्या बातम्या पुढे पाठवल्या जाण्याची शक्यता खऱ्यांपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त आढळली होती. खोटी गोष्ट नवलाची असते, खरी बहुधा रटाळ. गर्दीच्या आकड्यावरून खरेपणा मोजू नये याला एवढे कारण पुरे.

तुमचे विद्यार्थी कास्तकारांची मुले आहेत, म्हणून कापसाची एखादी रील घ्यावीच घ्यावी. ‘एकाच फवारणीत बोंडअळी साफ’, दोन-तीन औषधे एका पंपात मिसळा, अशा धर्तीच्या रील हंगामात हव्या तितक्या मिळतात. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तुमच्या वर्गातल्या काही मुलांच्या घरी ती आठवण आजही ताजी असेल, तेव्हा हा विषय जपून आणि आदराने काढावा. कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोनात एक रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. डबा शाळेत आणू देऊ नका, त्याच्या लेबलचा फोटो किंवा सोबतचे माहितीपत्रक पुरे. रीलमधला माणूस जे सांगतो ते एका बाजूला आणि लेबलवर पीक, कीड, मात्रा यांबद्दल जे छापले आहे ते दुसऱ्या बाजूला, असे दोन रकाने मुलांनी भरावेत. त्यानंतर तो माणूस कोण, तो काय विकतो, त्याने स्वतःच्या शेतात हे केल्याचे कुठे दिसते का, हे पाहावे. शेवटी एक मुलगा आणि एक मुलगी यांनी कृषी सहायकांना फोन लावावा किंवा अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची त्या किडीसाठीची शिफारस मिळवून आणावी.

हे मी मनचे सांगत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा इतिहासतज्ज्ञ, पंचवीस विद्यार्थी आणि बातम्यांची पडताळणी हाच व्यवसाय असलेले दहा जण, अशा पंचेचाळीस लोकांना अनोळखी संकेतस्थळे तपासायला दिली होती. इतिहासाचे पंडित ते पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत बसले आणि त्याच्या रुबाबदार बोधचिन्हाला भुलले. पडताळणीवाल्यांनी पान जेमतेम पाहिले, ते तिथेच सोडले आणि या पानामागे कोण आहे, हे इतरांकडे विचारायला निघून गेले. समोरच्या मजकुराकडे टक लावून तो खरा की खोटा हे ठरत नाही. त्यासाठी तिथून उठून दुसरीकडे विचारावे लागते. तुमच्या गावात ते दुसरे ठिकाण कधी पोलीस पाटील असतील, कधी कृषी सहायक, कधी आरोग्य उपकेंद्रातील सिस्टर. लाडक्या बहिणीच्या केवायसीची लिंक आईच्या फोनवर आली तर पत्ता ‘महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’ यावर संपतो का, हे पाहणे म्हणजेही तेच. आणि हे काम घराघरांत नववी-दहावीची मुलेच करून देतात, म्हणून त्यांनी ते शिकणे आईच्या खात्याच्याही हिताचे आहे.

महिनाभराने एक अडचण येईल, तिची पूर्वसूचना देऊन ठेवतो. एखादा हुशार मुलगा म्हणेल, ‘मॅडम, सगळंच खोटं असते.’ वरवर पाहता तुमची शिकवण फळाला आली असे वाटेल, पण हा विचार करण्याचा कंटाळा आहे. काहीच खरे नाही असे मानले की काहीच तपासावे लागत नाही. त्यासाठी दर तीन नमुन्यांत एक खरा असावा. विजांचा इशारा हे आपल्याकडचे चांगले उदाहरण. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडण्याचा धोका दाखवते आणि हवामान खाते विदर्भासाठी जिल्हावार इशारे देते. तसा इशारा कोणी पुढे पाठवला आणि ‘हे बी फेकच असन’ म्हणून कोणी झाडाखाली थांबून राहिला, तर ती चूक राईनपाड्याच्या जातीची नसली तरी जीव घेणारीच. व्हॉट्सॲपवर संदेशाच्या वर दिसणारे दोन बाणही असेच समजावून द्यावेत. तो संदेश निदान पाच हातांतून पुढे सरकत आला आहे, एवढेच ते सांगतात. खरा की खोटा हे बाण सांगत नाहीत.

राजकारण आणि धर्म यांचे संदेश पहिल्या दोन महिन्यांत वर्गात घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. हा भित्रेपणा नाही. ज्या विषयात मुलाने, किंवा त्याच्या घराने, आधीच बाजू घेतली आहे, तिथे तपासण्याची रीत शिकता येत नाही. तिथे फक्त बाजू लढवली जाते. रीत हाताशी बसली की मुले तो विषय आपणहून काढतील, तेव्हा टाळूही नये. घरात मोठ्यांशी कसे बोलावे हेही शिकवावे लागेल. मोठ्या बाबांनी ग्रुपवर काही टाकले आणि चौदा वर्षांच्या पुतण्याने सगळ्यांसमोर ‘हे खोटं आहे’ लिहिले, तर मोठे बाबा त्या संदेशाला अधिकच चिकटून बसतील. त्यांना जवळ बसून ‘हे तुम्हाला कोणाकडून आलं जी?’ एवढे विचारणे पुरेसे असते आणि विचारणाऱ्याची त्यात मर्यादाही राहते.

मुख्याध्यापकांना सांगायला तुमच्याकडे भक्कम जागा आहे. बातमीलेखन तुमच्याच विषयात आहे. कोण, काय, कधी, कुठे हे जे प्रश्न तिथे मुले गुणांसाठी पाठ करतात, तेच फळ्यावरच्या संदेशाला विचारायचे आहेत. दहावीच्या इतिहासात प्रसारमाध्यमांवर स्वतंत्र प्रकरण आहे. केरळातील कण्णूर जिल्ह्यात २०१८ साली तेव्हाचे जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी सुमारे दीडशे सरकारी शाळांत असे वर्ग घेतले होते, हेही त्यांच्या कानावर घालावे. सरकारी शाळांत झाले आहे म्हटल्यावर आपल्याकडे निम्मी हरकत गळून पडते. तासिका मिळत नसेल तर शनिवारची सकाळची शाळा पाहावी. पालकांच्या मोबाइलबंदीवर मी वेळ घालवणार नाही. दहावीनंतर तालुक्याच्या कॉलेजात गेलेल्या मुलाच्या हातात फोन येणारच आहे, हे पालकांनाही माहीत असते.

आता तो रील टाकणारा मुलगा. त्याला वर्गात उभे करू नये आणि त्याच्याकडून माफीनामाही लिहून घेऊ नये. एकट्याला बोलावून रील त्याच्यासमोर लावावी, आवाज बंद करावा आणि त्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहायला सांगावे. मोटारसायकलच्या कॅरिअरवर दोरीने बांधलेली ब्लँकेटे चित्रात दिसत असतील तर तीही त्याला मोजायला लावावीत. मुले पळवायला आलेला माणूस एवढे ओझे कशाला आणील, हा प्रश्न त्याला आपोआप पडू द्यावा. त्यानंतर रील त्याने स्वतःच्या हाताने काढून टाकावी. मात्र काढून टाकल्याने ज्यांनी ती पाहिली त्यांच्या डोक्यातून ती जात नाही, म्हणून ज्या ज्या ग्रुपवर त्याने ती पाठवली होती, त्या प्रत्येक ठिकाणी ‘ती माणसे ब्लँकेट विकणारी होती, पोलीस पाटलांनी खात्री केली आहे’ एवढ्या दोन ओळी त्यानेच लिहाव्यात. त्याला हे जड जाईल. तुम्ही त्या वेळी शेजारी बसून राहा. हिवाळा अजून शिल्लक आहे, ते दोघे किंवा त्यांचे कोणी भाऊबंद पुन्हा त्याच रस्त्याने गावात येतील, तेव्हा या दोन ओळी गावातल्या फोनवर आधीच पोहोचलेल्या असाव्यात.

फळ्यावरचा तास झाला की पत्र लिहा. त्या संदेशातला कोणता शब्द मुलांनी सर्वांत आधी पकडला, हे मला जाणून घ्यायचे आहे.